निळा अपुरा पडला तेव्हा

आमच्या देवघरात त्या वर्षी देवांना एक कोपरा आणि लोकरीला तीन, अशी वाटणी झाली होती. काळ्या मेंढीच्या लोकरीचे दोन गठ्ठे, पांढरीचे तीन, आणि सगळ्यांच्या वर रंगाऱ्याकडून आलेल्या निळ्या लडी. घरात दुसरी जागा नव्हती असं नाही, पण लोकरीला कसर लागेल या धास्तीने मी गठ्ठे कुठेच टेकू देईना. शेवटी आईने निकाल दिला, "लोकर आणि रेशीम, दोन्हीं सोवळ्याचीं. देवापाशीं राहूं देत. धुपानें किडाही येणार नाहीं." झालं. तेव्हापासून अप्पा सकाळी पूजेला बसले की आधी एक गठ्ठा सरकवायचे, मग दुसरा, मग पाट मांडायचे, आणि कापराचा वास नि मेंढीचा वास दोघे मिळून ओसरीपर्यंत यायचे. कुंभकोणमच्या चैत्रात घरात एवढी लोकर! समोरच्या मामी रोज विचारायच्या, तुमच्याकडे कोणी उटीला राहायला चाललंय का.

मी तेव्हा मद्रासच्या कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होते आणि स्वतःला फार मोठी समजत होते. अप्पा गावातल्या कॉलेजात गणित शिकवायचे. घरी शिकवणीला येणाऱ्या मुलांना ते समजावत असत तो "समजा, क्ष धरला" हा आवाज, मागच्या गल्लीतून पितळेची भांडी ठोकणाऱ्यांचा आवाज आणि स्वयंपाकघरात आईच्या कॉफीच्या दबऱ्याच्या वाटीतून गिलासात, गिलासातून दबऱ्यात पडणाऱ्या धारेचा आवाज, असे तीन आवाज माझ्या घराचे. सुट्टीला आले की पहिल्या सकाळी मी अंथरुणातच पडून ते तिन्ही ऐकायची आणि मगच उठायची. घरात आम्ही आमची, पूर्वजांबरोबर इकडे आलेली जुनी मराठी बोलायचो, दाराबाहेर पाऊल पडलं की तमिळ. ही आत्ता लिहिते आहे ती मराठी मी लग्नानंतर पुण्यात शिकले. तिथे सासूबाईंसमोर मी पहिल्यांदा "भात जाहला काय?" म्हटलं तेव्हा त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, कुणी पोथी वाचतंय की काय म्हणून.

तर ही लोकर आली कशी ते सांगते. आमच्या कॉलेजच्या प्रदर्शनात माझं एक चित्र लागलं होतं. खाली काळा, त्यात पांढऱ्याच्या दोन तिरक्या पट्ट्या, मध्ये तांबड्याची बारीक रेघ, आणि वरचा सगळा अर्धा भाग निळा. सपाट, ठाम निळा. ना फूल, ना मोर, ना देऊळ. वासंती मॅडम म्हणून मद्रासच्या एक वास्तुरचनाकार बाई प्रदर्शन पाहायला आल्या होत्या. तिरुच्चीत एका नव्या रुग्णालयाची इमारत त्या बांधत होत्या आणि तिथल्या प्रतीक्षालयातल्या उंच भिंतीसाठी त्यांना काहीतरी हवं होतं. चित्रापुढे त्या बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "हे विणून मिळेल? चार फूट रुंद, नऊ फूट उंच?" मी म्हटलं, मिळेल. नऊ फूट म्हणजे किती, हे मी खोलीवर जाऊन भिंतीला पट्टी लावून पाहिलं आणि मला धडकी भरली. तरी कॉलेजच्या लहान चौकटीवर हातभर नमुना विणला, तो त्यांना पसंत पडला, आणि उडत उडत मी कुंभकोणमला आले.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या टेबलावर बँकेच्या परीक्षेचा एक फॉर्म पितळी नंदीखाली दाबून ठेवलेला होता. तो माझ्यासाठी होता हे मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे त्यांना. ते म्हणाले, "सुगू, भांडूं नको. तुझें तें कापड भिंतीवर चढलें, तर पुढें तूं म्हणशील तैसें. परत आलें, तर हा फॉर्म भरायचा. ऐसें ठरलें?" मी ठरलें म्हटलं. आई आतून म्हणाली, "बाप लेक दोघेंही बाजारांत बसल्यागत काय बोलतां?" पण ठरलं ते ठरलं, आणि नंदी फॉर्मवर तसाच बसून राहिला.

विणकर मिळाला तिरुनागेश्वरमला. सुब्बरामन मामा. रेशमी साड्या विणणारे, पन्नाशीचे, कानाच्या पाळीवर कायम एक पेन्सिल. त्यांच्या लोकांची घरची बोली सौराष्ट्री, आमच्यासारखेच तेही कुठल्यातरी जुन्या काळी उत्तरेकडून इथे येऊन राहिलेले. त्यांच्या बायकोने, मामींनी, मला पहिल्या दिवशी "पाणी?" असं विचारलं तेव्हा मी इतकी दचकले की गिलास हातातून निसटता निसटता राहिला. तमिळ मुलखात आमच्या घराबाहेर पाण्याला पाणी म्हणणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते! बाकी आमचं बोलणं तमिळमध्येच चालायचं, इथे ते मी मराठीत लिहिते आहे.

मामांनी चित्र उलटं सुलटं करून पाहिलं. "नवरीसाठी?"

"नाही. भिंतीसाठी."

"भिंत कशाला नेसते?" मग लोकरीची लडी नाकाशी नेली. "आणि हे? मेंढीचे केस माझ्या मागावर?"

मी मोठ्या तोऱ्यात त्यांना शिकवायला सुरुवात केली. ताणा म्हणजे उभा धागा सुताचा असतो, बाणा म्हणजे आडवा लोकरीचा, बाणा असा ठोकून बसवायचा की ताणा दिसताच कामा नये, प्रत्येक रंगाची कांडी आपल्यापुरत्या जागेत मागेपुढे फिरते, आणि दोन रंग उभ्या रेषेत भेटले की मध्ये फट राहते, ती मागून शिवून घेतात. आमच्या पुस्तकात तसंच होतं. फट म्हटल्यावर मामा पहिल्यांदा हसले. मामींना हाक मारली. "ऐकलंस? फट राहते म्हणे. आणि नंतर शिवतात!" मग त्यांनी मला हाताला धरून मागाशी नेलं. खड्ड्यात पाय सोडून बसायचा माग, त्यावर अर्धी झालेली अरक्कू, म्हणजे लाखेच्या गडद तांबड्या रंगाची साडी, काठ हिरवा. काठाचा धोटा वेगळा, अंगाचा वेगळा, आणि दोन्ही धागे जिथे भेटतात तिथे एकमेकांच्या गळ्यात हात घालून मागे फिरतात. एका टोकाला मामा, दुसऱ्या टोकाला मामी. "आमच्या काठाला फट राहिली तर मांडवात नवरीची साडी फाटेल, पाप्पा. हे आम्ही आजोबांच्या आधीपासून करतो. तुझा तो काळा आणि पांढरा असाच जोडीन. सुई लागणार नाही." पाप्पा म्हणजे लहान मुलगी, मला ते तसंच म्हणायचे. आणि लगेच त्यांनी एका जुन्या ताण्याच्या तुकड्यावर माझी लोकर घेऊन करून दाखवलं. चार ओळी. मी बोट फिरवलं. जोड हाताला लागेना. मला नाचावंसं वाटलं, आणि खरं सांगायचं तर मी तिथे मागाच्या खड्ड्याशी एक उडी मारलीच. मामी म्हणाल्या, "पडशील!"

कामाला हो म्हणाले ते असे. पण दोन गोष्टींवर अडले. पहिली, काळ्याने आरंभ करणार नाही. कापड खालून वर विणलं जातं आणि माझ्या चित्रात खाली काळा. मी वाद घालून पाहिला, पण घरी येऊन सांगितलं तर आईच त्यांच्या बाजूची. "काळ्यानें आरंभ? अय्यो, नको गे. मी देतें पिवळा." तिने त्याच संध्याकाळी पांढऱ्या लोकरीची एक लडी हळदीत उकळून काढली. भाताचं पातेलं पिवळं झालं ते झालंच, पुढे कित्येक वर्षं त्यातला भात पाहुण्यांना चित्रान्न वाटायचा. ती दोन बोटं पिवळी पट्टी आधी विणायची आणि शेवटी मागे दुमडून टाकायची, असं ठरलं. दुसरी गोष्ट, विणून रुळावर गुंडाळलेलं कापड पुरं होईतो उलगडायचं नाही. "पोटातलं मूल कुणी उघडून पाहतं का?" मामा म्हणाले. शिवाय ताण ढिला पडला तर पुन्हा तसा बसत नाही, हे खरं कारण. ते मला पटलं.

आता लोकर किती लागणार, हा प्रश्न. पांढरी आणि काळी नैसर्गिकच होती, गठ्ठेच्या गठ्ठे आणलेले. तांबडा रेघेपुरता. खरी मोजायची होती ती निळ्याची, कारण ती रंगवायची. अप्पा म्हणाले, "त्यांत काय? मज द्या." मामांना विचारून त्यांनी आकडे घेतले, सहा वारी साडीला बाणा किती, रुंदी किती, मग लोकरीची जाडी धरून त्रैराशिक मांडलं, दोनदा पडताळलं, आणि खाली रेघ मारून त्यावर चौकट काढली. अप्पांनी चौकट काढली की उत्तर बरोबर, हे मी तिसरीपासून मानत आले होते. मामांनीही मान डोलावली. त्या मापाने रंगाऱ्याकडून निळा रंगवून आला. काय निळा होता तो! मी एक लडी उशाला घेऊन झोपले होते. चूक कुठे झाली असेल ते कापड विणणाऱ्या वाचकांच्या लक्षात आलं असेल. माझ्या, मामांच्या आणि अप्पांच्या, तिघांच्या आलं नाही.

पुढचे आठवडे मी जमिनीवर नव्हतेच. सकाळी दहीभाताचा डबा आणि आदल्या दिवशीचं डांगर घेऊन बस पकडायची, तिरुनागेश्वरमला उतरायचं, देवळाला येणाऱ्या भाविकांच्या गर्दीतून वाट काढत विणकरांच्या गल्लीत शिरायचं. गल्लीत घराघरातून माग ठोकण्याचे आवाज, आणि त्या सगळ्यांत मामांचा वेगळा, कारण रेशीम ठोकलं की खट्ट वाजतं आणि लोकर ठोकली की धप्प. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून मला कळायचं की मामा कामावर बसलेत. कागद ताण्याखाली बांधलेला, त्यावर मी आखलेल्या रेषा, आणि मामा मामी दोन टोकांनी एकमेकांकडे सरकत येणारे. पांढऱ्याची तिरकी पट्टी काळ्यात शिरू लागली तेव्हा मामांनी कडेला पायऱ्या पडू दिल्या, आपल्या काठावरच्या कळसांसारख्या. मी म्हटलं, चित्रात सरळ रेघ आहे. ते म्हणाले, "धाग्याला तिरकं चालता येत नाही, पायरीने चढावं लागतं. मोठ्या पायऱ्या की बारीक, तेवढं तू सांग." मी बारीक म्हटलं. आमच्या कॉलेजात शिकवायचे, डिझाइन म्हणजे डोकं आणि विणकर म्हणजे हात. हे कुठल्या शहाण्याने लिहिलं असेल, त्याला एकदा त्या खड्ड्यात बसवायला हवं होतं. तांबड्याची रेघ कशीबशी पुरली, शेवटचा धागा वितभर उरला. "नशीब!" म्हणून आम्ही हसलो आणि विसरलो.

निळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मला परीक्षेसाठी मद्रासला जावं लागलं. दहा दिवस. मामांना मी दहादा बजावलं, कागदाप्रमाणे, सपाट, जरासुद्धा फरक नको. ते फक्त हसले.

परत आले तर घरातली माणसं बदललेली. अप्पा स्वतः स्टेशनवर आले, माझी पेटी स्वतः उचलली. आईने बासुंदी केली होती आणि रसवांगीही, सण नसताना. जेवताना अप्पा माझ्या पानाकडे पाहत होते, माझ्याकडे नाही. मी विचारलं, काम कुठवर आलं? "जाहलें, बरेंच जाहलें," अप्पा म्हणाले आणि ताक मागितलं. ताक त्यांच्या समोरच होतं. दुसऱ्या दिवशी मी तिरुनागेश्वरमला धावले. मागावर फक्त हातभर कापड दिसत होतं, आणि ते निळं होतं, पण माझ्या निळ्याहून गडद, मोराच्या मानेकडे झुकणारं. बाकी सगळं रुळावर आत. मामा तेव्हा घरात नव्हते. मामींनी मला पाणी दिलं आणि त्यांच्याने राहवलं नाही.

झालं होतं ते असं. निळ्याची चार बोटं विणून झाल्यावर मामांनी उरलेल्या लडी उचलून पाहिल्या आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. चार बोटांनी सव्वा वितीची लोकर खाल्ली होती. साडीत बाणा नि ताणा दोघे निम्मे निम्मे दिसतात. आमच्या कापडात बाणा दाबून दाबून ठोकायचा, ताणा पुरता झाकायचा. चौपट लागणारच. आयुष्यभर साड्या विणलेल्या माणसाने साडीचं माप दिलं, आयुष्यभर गणित शिकवलेल्या माणसाने त्यावर चौकट काढली, आणि मी, जिने "ताणा दिसताच कामा नये" हे तोऱ्यात शिकवलं होतं, मी त्या चौकटीकडे पाहून मान हलवली. मामा तसेच बसने आमच्या घरी गेले. अप्पा भिंतीला टेकून बसले म्हणे. मग दोघांनी ठरवलं, पोरीच्या परीक्षेत तिला कळवायचं नाही. रंगाऱ्याने पुन्हा रंगवून दिलं ते गडद निघालं. तोच रंग, तेच भांडं, पण दुसऱ्या वेळचा निळा पहिल्यासारखा येत नाही. आणि तोही पुरेल इतका नव्हता. तेव्हा मामांनी ती चार बोटं उसवली आणि काहीतरी वेगळं केलं. काय ते मामींना सांगता येईना. "पांढरी लोकर पुष्कळ लागली," एवढंच त्या म्हणाल्या.

पांढरी? माझ्या निळ्यात पांढरी? मला इतका राग आला की मी मामा येईपर्यंत दारातच उभी राहिले, आणि ते आल्यावर तोंडाला येईल ते बोलले. माझं चित्र आहे, नमुना पसंत झालेला आहे, मॅडम परत पाठवतील, मला बँकेत खर्डेघाशी करावी लागेल, तुम्हाला काय त्याचं. मामांनी चपला काढल्या. मग म्हणाले, "कागदाप्रमाणे विणायला निळा नव्हता. तू नव्हतीस. माग थांबवला असता तर मॅडमनी दिलेली तारीख गेली असती. काय करायचं होतं?" मी म्हटलं, रूळ उलगडा, मला बघायचंय. "नाही," ते म्हणाले, "हत्ती गेलाय, शेपूट राहिलंय. आठ दिवस थांब." आणि खड्ड्यात उतरून बसले. धप्प. धप्प. त्या माणसाचा मला तेव्हा जो संताप आला तसा नंतर फक्त एकाच माणसाचा आला, आणि त्याच्याशी माझं लग्न झालं.

ते आठ दिवस अप्पा आणि मी एकमेकांशी फार बोललो नाही. अप्पा एकदा माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाले, "बेरीज चुकली नव्हती गे. धरलें तेंच चुकलें." मी पुस्तक वर केलं. टेबलावर नंदीखालून फॉर्म अर्धा बाहेर ओढलेला होता. रकाने अजून रिकामे होते, पण पहिल्या ओळीत अप्पांच्या वळणदार अक्षरात माझं नाव लिहिलेलं मला दिसलं. शेवटची तारीख जवळ आली होती, ते तरी काय करणार. मी आईला विचारलं, "परत आलें तर?" ती म्हणाली, "तर काय? बँकेंत जाशील, रविवारीं विणशील. जेवून घे."

कापायचा दिवस बुधवार होता. वासंती मॅडम तिरुच्चीहून गाडी घेऊन स्वतः न्यायला आल्या, आणि आल्या त्या बरोबर बाराला. मामांनी हातातली कात्री खाली ठेवली. बुधवारी बारा ते दीड राहुकाळ. राहुकाळात कात्री लागणार नाही. मॅडम घड्याळ पाहू लागल्या. मला रडू यायच्या बेतात, त्यात अजून दीड तास! मामा म्हणाले, "बसून काय करायचं? देवळात चला. आमच्या गावात राहुकाळातच पाहण्यासारखं असतं." आम्ही सगळे निघालो, मॅडम, अप्पा, आई, मामा, मामी आणि मी. राहूच्या सन्निधीत, म्हणजे त्याच्या गाभाऱ्यापुढे, गर्दी होती. गुरुजींनी मूर्तीच्या डोक्यावरून दुधाची धार सोडली. मी लहानपणापासून हे कितीदा तरी पाहिलं होतं, म्हणजे आईच्या काखेतून, गर्दीतून, प्रसादाकडे डोळा ठेवून. त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. डोक्यावर दूध पांढरं. खांद्यावर पांढरंच. छातीवरून उतरताना काहीतरी होतं, आणि पायाशी पोचतं तेव्हा ते निळं असतं. मामा माझ्या कानाशी वाकले. "कुठे निळं झालं, सांग."

मी पुन्हा पाहिलं. "कळत नाही."

"मला साठ वर्षं कळलेलं नाही," ते म्हणाले. पन्नाशीच्या माणसाची साठ वर्षं, पण मी हिशेब विचारायच्या स्थितीत नव्हते. मी अजून त्या धारेकडेच पाहत होते.

दीड वाजता कात्री लागली. ताणा तुटताना एक आवाज येतो, पाऊस थांबल्यावर पन्हाळीतून शेवटचं पाणी पडावं तसा. गल्लीत दोन माडांच्या मध्ये साड्यांचा ताणा ताणायचा बांबू होता, त्यावर मामा आणि अप्पांनी कापड टाकलं आणि ते नऊ फूट खाली सुटलं. भर दुपारचं ऊन त्यावर. खाली काळा, त्यात पायऱ्या पायऱ्यांनी चढणारा पांढरा, तांबडी रेघ. तिच्या वर निळा सुरू व्हायला हवा होता, आणि होत नव्हता. तिथे पांढरंच होतं. मग ते पांढरं राहिलं नाही. कधी, कुठल्या ओळीला, ते मी नाकाजवळ जाऊन शोधलं. मामांनी प्रत्येक कांडी पाच धाग्यांची केली होती, चार पांढरे एक निळा, मग काही ओळींनी तीन नि दोन, मग उलट, आणि वर वर जाता जाता पहिला निळा सरत आला तसा दुसरा, गडद निळा एकेक धाग्याने आत. शेवटी अगदी वर माझ्या चित्रातल्यासारखा ठाम, सपाट निळा होता, फक्त गडद, पण आता तो कुठूनतरी चालत आलेला वाटत होता. मला रडू आलं. राग कुठे गेला मला माहीत नाही. माझं चित्र मी पहिल्यांदा पाहत होते, आणि ते माझ्या हातून कधीच झालं नसतं.

वासंती मॅडम पुढे आल्या. पिशवीतून त्यांनी माझा हातभर नमुना काढला, कापडाला लावून धरला. "नमुन्यात हे नव्हतं," त्या म्हणाल्या.

"हिशेब माझा चुकला," अप्पा तमिळमध्ये म्हणाले, आणि अप्पांच्या तोंडून हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. "माप माझं चुकलं, सरांचं नाही," मामा म्हणाले. मी म्हटलं, "मला माहीत असायला हवं होतं." आई मामींना हळूच म्हणाली, "चूक घ्यायला रांग लागली बघा." मामी पदर तोंडाला लावून हसल्या.

मॅडमनी नमुना खाली केला. "चूक कुणाची ते मी विचारलंच नाही. हा निळा कुणाचा, ते सांगा."

आता लिहिते आहे तर खरंच लिहिते. माझ्या जिभेवर "माझा" हा शब्द आलेला होता. कागद माझा, रंग मी निवडलेला, काम मला मिळालेलं. मी "माझा" म्हटलं असतं तर मामांनी मान डोलावली असती, त्यांना वेगळं काही सुचलंही नसतं. साडीवर विणणाऱ्याचं नाव कोण घालतं? आणि दुसऱ्याचा म्हटलं, तर ही पोरगी सांगितलं एक आणि भलतंच घडू देते, असं मॅडमना वाटलं असतं. मला समोर तो फॉर्म दिसला, अप्पांच्या अक्षरातलं माझं नाव दिसलं. मी मामांकडे पाहिलं. ते बांबूची दोरी घट्ट करत होते, कापड वाऱ्याने हलू नये म्हणून. मी म्हटलं, "यांचा. मी दहा दिवस नव्हते. मी असते तर हा होऊ दिला नसता."

मामा रागावलेच. "असं कुठे बोलतात, पाप्पा? तुझा कागद नसता तर मी साडीच विणत बसलो असतो."

मॅडम मागे सरकत सरकत समोरच्या घराच्या पायरीवर जाऊन बसल्या आणि बराच वेळ तिथून पाहत राहिल्या. गल्लीतले माग एकेक करून थांबले होते, बायका दारात आल्या होत्या. मग त्या म्हणाल्या, "प्रतीक्षालयात माणसं तासन् तास बसतात. आत कुणीतरी असतं, डॉक्टर बाहेर येत नाही. सपाट निळा पाच मिनिटांत पाहून झाला असता. हे संपत नाही." आणि उठून पायरीची धूळ झटकली. "न्यायचं कसं, गुंडाळून की घडी घालून? आणि समोरच्या भिंतीवर अजून एक हवं. दोघांनी मिळून."

मी ओरडले. गल्ली हसली. आईने माझा दंड धरला तो सुटेचना. आणि सुब्बरामन मामांनी कानावरची पेन्सिल काढली, मला दिली, आणि म्हणाले, "माझी एक अट आहे. या वेळी कागदावर थोडी जागा रिकामी सोड. माझ्यासाठी. चोरून करायला बरं वाटत नाही."

"किती?" मी विचारलं.

"एक वीत."

पुढे आम्ही सतरा कापडं केली, मामांचे डोळे गेले तोवर. प्रत्येक कागदावर एक वीत जागा कोरी. आता माझे रंग संगणकावर दिसतात, बोटाने निळा हवा तितका पसरता येतो, कधी संपत नाही, आणि तरी मी पडद्यावरही एक वीत मोकळी ठेवते. माझ्याकडच्या मुली विचारतात, इथे काय भरायचं? मी म्हणते, जिच्या हातात कांडी असेल तिला विचारा.

पण त्या बुधवारी संध्याकाळी घरी आल्यावर अप्पा थेट टेबलापाशी गेले. नंदी उचलला. फॉर्म घेतला, उलटा केला, कोऱ्या बाजूवर हात फिरवून तो सपाट केला, आणि वर लिहिलं, 'बाणा, चौपट धरून'. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाले, "सुगू, त्या रिकाम्या वितीला लोकर किती धरूं?"

मी म्हटलं, "अप्पा, ती मोजूं नका."

त्यांनी तेवढी जागा सोडून बाकीचं गणित मांडलं. चौकट मात्र काढली नाही.